केसाला तेल लावून गेले म्हणून

"केसाला तेल होतं. वेणी घट्ट घातलेली होती. साडी इस्त्रीची होती. नखंसुद्धा स्वच्छ होती."

धाराशिवच्या कोर्टात पुण्याचा डॉक्टर हे सांगत होता. माझ्याबद्दल. मी मागच्या बाकावर बसले होते, मायशेजारी. डॉक्टर मध्येच इंग्रजीत शिरायचा, मग विमा कंपनीचा वकील ते मराठीत सांगायचा, जज्जसाहेब मान हलवायचे आणि टायपिंग करणाऱ्या बाई खटाखट उतरवून घ्यायच्या.

"ज्याचं मन खरोखर आजारी आहे, त्याचं स्वतःकडं लक्ष राहत नाही. ही मुलगी तर नटून आली होती."

नटून. मायनं माझा हात धरला. तिला सगळं कळत नव्हतं, पण नटून हा शब्द कळला.

आमचे वकील उलटतपासणीला उठले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोळ्यांदेखत बाप चिरडला गेला. मनावर परिणाम होणार नाही?"

डॉक्टर हसला. वाईट नाही हसला. शाळेतल्या लहान पोराच्या प्रश्नाला हसतात तसा.

"हे पाहा, ही मेंढरं राखणारी माणसं. जनावरांचं मरण, माणसांचं मरण, जवळून बघत वाढतात. शहरातल्या माणसाइतका धक्का त्यांना बसत नाही. त्यांना सवय असते."

हे तो चिडून बोलला असता तर मला एवढं लागलं नसतं. तो कौतुकानं बोलला. जणू आमच्या पदरात काहीतरी चांगलंच टाकत होता. आणि कोर्टातली माणसं माना हलवत होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या बापाचं मेंढरू मेलं तर तो त्या दिवशी जेवायचा नाही. सवय म्हणे.

आमचं गाव अणदूरच्या पलीकडं, हायवे सोडून आत, माळाला. माळावर पवनचक्क्या आल्या तशा गावातून मोठ्या गाड्या सुरू झाल्या. एकेक पातं आमच्या गल्लीएवढं लांब. ते वाहून नेणारी गाडी वळणावर एका दमात वळत नाही. पुढं जाते, मागं येते, पुन्हा पुढं. मागं येताना वाजते. टुं, टुं, टुं. सगळ्यांनी ऐकलेला आवाज आहे. शाळेची बस मागं येते तेव्हाही तोच वाजतो.

त्या दिवशी सकाळी आण्णा आणि मी मेंढरं घेऊन ओढ्याच्या पुलावर होतो. आण्णा म्हणजे माझे वडील. मी बारावी झाले होते, बाहेरून बीएला बसले होते, आणि पुस्तक पिशवीत घालून त्यांच्यासोबत मेंढरामागं जायचे. गाडी वळण घेत मागं आली. मागं बघून शिट्टी मारणारा माणूस पुढं जाऊन तंबाखू मळत उभा होता. मेंढरं बुजून कठड्याला दाटली. आण्णा त्यांना हुसकायला आत शिरले.

कठडा आणि चाक. मधी आण्णा.

मी त्यांचा हात धरून ओढला. हात माझ्या हातात होता, आण्णा येत नव्हते. माझा खांदा तिथंच मोडला, ते मला नंतर कळलं. मी ओरडत होते पण त्या टुं टुंमध्ये ड्रायव्हरला ऐकूच गेलं नाही. सगळं संपलं तरी तो आवाज चालूच होता. कुणीतरी जाऊन गाडी बंद करेपर्यंत चालू होता.

तेव्हापासून तो आवाज आला की मी माझी राहत नाही. कसं सांगू. हातपाय दुसऱ्याचे होतात. डोळ्यांपुढं कठडा येतो, आण्णांचं बोट येतं, आणि माझे कपडे ओले होतात. चोवीस वर्षांची बाई. पहिल्यांदा झालं ते किराणा दुकानापुढं, टेम्पो मागं येत होता. घरी पळत आले आणि मायला सांगितलं. मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"कुनाला बोलू नगंस. आजून लगीन व्हायचंय तुजं."

म्हणून मी बोलले नाही. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर होते, बरे होते बिचारे, त्यांना सांगितलं की झोप लागत नाही, आवाजाची भीती वाटते, मेंढरामागं जाता येत नाही, पुस्तक वाचता येत नाही. हे एवढंच सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव लिहून सर्टिफिकेट दिलं, गोळ्या दिल्या. पुढं त्यांची बदली झाली. त्यांना साक्षीला बोलावणारं कोर्टाचं समन्स गेलं आणि परत आलं.

आण्णांच्या जिवाचा दावा मिटला. माझा दावा वेगळा होता. खांद्याचा आणि मनाचा. खांद्याचं गाडीच्या विमा कंपनीनं लगेच मान्य केलं, कारण एक्स-रे लावला की मोडलेलं हाड जज्जसाहेबांना बसल्या जागेवरून दिसतं. मनाचं मात्र नाही म्हणाले. म्हणाले, आमच्या तज्ज्ञाकडून तपासून घेऊ. मला वाटलं, बरंच झालं. मोठा डॉक्टर आहे, पुण्याचा आहे, त्याला तरी कळेल.

जायच्या आदल्या दिवशी मायनं मला न्हाऊ घातलं. उजवा हात वर जात नव्हता म्हणून तिनंच केस धुतले, तेल चोपडलं, वेणी घातली. शेजारच्या वहिनीकडून इस्त्री आणली. चुलत बहिणीच्या लग्नात नेसलेली साडी काढली. नखं कापली.

"मोट्या मानसापुढं जायाचं तर नीट जावं," माय म्हणाली. "न्हायतर म्हनतील, धनगराची पोर, मेंढराच्या वासाची आली."

मायला हे कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. मी पाचवीत होते. बाईंनी मला बाकावरून उठवून खिडकीशी बसवलं होतं. म्हणाल्या होत्या, "वास येतो गं तुझा. उद्या अंघोळ करून ये." मी अंघोळ करूनच आले होते. दुसऱ्या दिवशी मायनं मला दगडानं घासलं, रक्त येईस्तोवर. तिथून पुढं कधीही चार लोकांत गेले तर तेल, फणी, धुतलेला कपडा. आम्ही स्वच्छ दिसतो ते चैन परवडते म्हणून नाही. आम्हाला घाण दिसायची परवानगी नाही म्हणून दिसतो. एवढी साधी गोष्ट त्या डॉक्टरच्या मोठ्या मोठ्या पुस्तकांत कुणी लिहिलेली नसावी.

पुण्यातला दवाखाना थंडगार होता. आमच्या आधीची बाई बाहेर आली तेव्हा डॉक्टर दारापर्यंत येऊन तिला म्हणाले, "या मॅडम, काळजी घ्या." मग मला बघितलं.

"काय गं, कशी आहेस?"

मी म्हणाले, "बरं हाय."

त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं अहवालात तेच पहिलं वाक्य झालं. स्वतः बरी असल्याचे सांगते.

आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसानं कशी आहेस विचारलं की बरं हायच म्हणतात. घरात मयत झालेलं असलं तरी. समोरचा मग जरा थांबतो, पाणी पितो, आणि पुन्हा विचारतो. "बरं म्हंजी कसं? खरं सांग." तेव्हा सांगायचं असतं. तेव्हा रडायचं असतं. पहिल्या झटक्यात कुणी आपलं दुःख परक्याच्या अंगावर ओतत नाही, तो आगाऊपणा होतो. मी त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो आला नाही.

त्यांनी विचारलं, जेवतेस का. व्हय. घरचं काम करतेस का. एका हातानं करते. सणवार करता का? मी सांगितलं, यंदा खंडोबाची तळी म्या उचलली. आमच्या घरात तळी आण्णा उचलायचे. आण्णा गेल्यावर कुणीतरी उचलायला पाहिजे होती, देव काही आमच्यासाठी थांबत नाही. डाव्या हातानं उचलली. भंडारा उधळला तेव्हा सगळे येळकोट म्हणाले आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हे पुढचं मी सांगणारच होते. तोवर त्यांनी लिहिलंसुद्धा. धार्मिक कार्यक्रमात आनंदाने भाग घेते.

मग त्यांनी मोबाइल काढला. टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा आवाज ओळखतेस का बघ."

टुं, टुं, टुं.

ते माझ्या हातांकडं बघत होते. मी हलले नाही. मला हलताच येत नव्हतं. पायाचे अंगठे फरशीत रुतवले. तोंडातून आवाज काढला असता तर मी किंचाळले असते, आणि मोठ्या माणसापुढं किंचाळायचं नसतं हे माझ्या हाडात बसलेलं आहे. मी तशीच बसून राहिले. आणि त्यांच्या त्या मऊ गादीच्या खुर्चीत मला लघवी झाली.

त्यांनी आवाज बंद केला. लिहिलं. "झालं, जा आता," म्हणाले.

मी उठले नाही. मागं उभ्या असलेल्या मायनं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. ती हात जोडून म्हणाली, "सायेब, पोरीला चक्कर आल्यावानी झालंय. वाईच बसू द्या." डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेले. मायनं मला उठवलं. आपल्या पदरानं खुर्ची पुसली. खाली वाकून फरशी पुसली. तिच्या अंगावरची शाल माझ्या कमरेला गुंडाळली. आम्ही चोरासारख्या बाहेर पडलो.

एसटीत मी खिडकीशी बसले. साडी अंगावरच वाळली. सोलापूर आल्यावर माय एवढंच म्हणाली,

"डाग न्हाय ऱ्हायला. चांगली पुसलीय म्या."

हे वाक्य माझ्या छातीत अजून तसंच आहे. माझ्या मायला वाटत होतं की आम्ही त्यांचं काहीतरी बिघडवलं.

अहवाल आला तेव्हा आमच्या वकिलांनी तो वाचून कपाळाला हात लावला. वकील जळकोटचे. माणूस वाईट नाही, कधी टाकून बोलले नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "ताई, मला विचारून तरी जायचं होतं. नट्टापट्टा करून कुणी मनाच्या डॉक्टरकडं जातं का?"

त्यांनी अहवाल फायलीत घातला.

"बरं, झालं ते झालं. आता डॉक्टरची साक्ष आहे. त्या दिवशी कोर्टात केस विंचरू नका. जुनेर नेसा. खाली मान घालून बसा. जज्जसाहेब बघत असतात."

माय लगेच हो म्हणाली. मी म्हणाले, "म्या सोंग न्हाय करनार."

"सोंग कोण म्हणतंय? तुम्ही आजारी आहात, हे खरंच आहे. मग ते दिसायला नको?"

त्यांचंही बरोबर असेल. पण मला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. शाळेनं सांगितलं, स्वच्छ ये, तरच तू माणूस. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, स्वच्छ आलीस, म्हणजे तुला दुःख नाही. आता माझाच वकील सांगत होता, घाण होऊन ये, मग तुझं दुःख खरं. माझा बाप गेला होता हो. आणि सगळे मिळून माझ्या केसाला तेल आहे की नाही ते बघत होते.

साक्षीच्या दिवशी मी रोजच्यासारखी वेणी घातली. वकिलांनी लांबून बघितलं आणि मान फिरवली.

माझी स्वतःची साक्ष मागंच झाली होती, ती मी उभ्यानं दिली होती. डॉक्टर साक्षीला आले तेव्हा त्यांना खुर्ची दिली. पाण्याचा ग्लास दिला. द्यायला हरकत नाही, लांबून आले होते. तेल, वेणी, साडी, नखं, सवय, सगळं सांगून झालं. मग आमच्या वकिलांनी शेवटचं विचारलं, "ज्या आवाजाची तिला भीती वाटते, तो आवाज तुम्ही तिला ऐकवला का?"

वकिलांना वाटलं, नाही म्हणतील, आणि आपण त्यांना तिथं पकडू. पण ते म्हणाले, "हो, ऐकवला ना. चाचणी पूर्ण करावीच लागते. ती शांत बसून होती. काहीही प्रतिक्रिया नाही."

शांत. जज्जसाहेबांनी ते टायपिंगच्या बाईंना सांगितलं, बाईंनी टाइप केलं. शांत बसून होती.

आमच्या वकिलांकडं पुढं प्रश्नच नव्हता. ते बसायला निघाले. त्यांच्याकडं कसा असणार, आम्ही दोघींनी त्यांच्यापासूनही ते लपवलं होतं. कोर्टात पंखा फिरत होता. मायनं माझा हात घट्ट दाबून धरला, तिला कळलं होतं की मी उठणार. मी तिचा हात सोडवला.

"सायेब, म्या मुतले होते."

माझा आवाज माझ्याच कानाला मोठा वाटला. सगळे वळले.

"त्या खुर्चीत. ह्यांनी आवाज लावला तवा. माज्या मायनं पदरानं पुसली ती खुर्ची. म्हून ह्यांना दिसलं न्हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. एका वकिलानं घसा खाकरला. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. तपासणीत माझे केस बघितले, नखं बघितली, पण माझ्या तोंडाकडं त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

जज्जसाहेब म्हणाले, "बाई, खाली बसा. तुमची साक्ष झालेली आहे. असं मधे बोलता येत नाही."

मी विचारलं, "लिवलं का?"

"बसा म्हटलं ना."

टायपिंगच्या बाईंची बोटं थांबलेली होती. त्यांनी काही लिहिलं नव्हतं. एवढी लाज मी भर कोर्टात काढून ठेवली आणि ती कागदावर आली नाही. डॉक्टरचं शांत बसून होती हे मात्र आलं होतं. तिथं मला जे कळलं ते शाळेत कळलं नव्हतं, बीएच्या पुस्तकातही नव्हतं. मी गप्प बसले तर माझ्यासाठी दुसरं कुणीतरी बोलतं, आणि मग तेच खरं होऊन बसतं. ते लबाड असायला लागतात असंही नाही. त्यांना जे दिसलं ते ते लिहितात. आम्ही पुसून ठेवलेलं त्यांना दिसत नाही.

बाहेर व्हरांड्यात वकील म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

माय रडत होती. "कसं सांगावं सायेब. पोरीची जात."

वकिलांनी फाइल बगलेत धरली. मग म्हणाले, अर्ज करून पुन्हा साक्षीला उभं राहता येतं, पण परवानगी मिळेलच असं नाही. मिळाली तर कंपनीचा वकील सोडणार नाही. लहानपणापासून होतं का, लग्न जमत नाही म्हणून बनाव केला का, सगळं विचारेल.

अर्ज दिला. त्यानंतर कंपनीकडून निरोप आला. मनाचा भाग सोडून द्या, बाकीचं आम्ही चांगलं बघून मिटवतो. मनाला काही झालं नव्हतं एवढं फक्त लिहून द्या. वकिलांनी निरोप जसाच्या तसा सांगितला आणि म्हणाले, विचार करा, घाई नाही. माय म्हणाली, "घे मिटवून. लोकं नावं ठिवाय लागल्यात. परवा पान्यावर बाया हसत व्हत्या."

हसत होत्या हे खरं आहे. मीही ऐकलं. गावात आता मला खुर्चीत मुतलेली म्हणूनच ओळखतात. एक स्थळ येणार होतं, तेही आलं नाही. मला वाईट वाटतं. मी लोखंडाची नाही. कधी कधी मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात जाऊन बसते आणि आण्णांना म्हणते, तुम्ही तरी त्या दिवशी आत शिरायला नको होतं. मेंढरं विकली. गोळ्या चालू आहेत. आवाज आला की अजूनही तेच होतं. बरी झाले, असं काही मला इथं सांगता येणार नाही.

पण मी लिहून दिलं नाही. मनाला काही झालं नव्हतं, असं माझ्या हातानं लिहिलं तर त्या पुलावर आण्णांचा हात मी धरलाच नव्हता असं होईल. वकिलांना तसंच सांगितलं. ते हो म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना बरंही वाटलं.

परवानगी मिळाली आहे. पुढच्या तारखेला मला पुन्हा साक्षीला बोलावलंय. माय येणार नाही म्हणाली. तिच्यानं ऐकवणार नाही. मी तिला आग्रह केला नाही, एकटी जाईन. कंपनीचा वकील लाज काढणारं विचारेल, मी एकेकाला उत्तर देईन. टायपिंगच्या बाई माझ्यासाठी एखादा बरा शब्द शोधायला लागतील. मी त्यांना थांबवणार आहे. बाई, बरा शब्द नको. मी मुतले. माझा बाप माझ्या हातात चिरडला म्हणून मुतले. हेच लिहा, आणि मला मोठ्यानं वाचून दाखवा. मग मी सही करीन.